तारेची आस

मागच्या महिन्यात आईचा तंबोरा घेऊन मिरजेला गेले होते. सांगलीहून मिरज म्हणजे काय, अर्ध्या तासाचा रस्ता, पण रिक्षात तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसलं की प्रत्येक खड्डा आधी भोपळ्यालाच लागतो असं वाटतं आणि रस्ता संपता संपत नाही. चौदा-पंधरा वर्षं तो खोळीत घालून कपाटावर ठेवलेला होता. आईने शिकवण्या बंद केल्या तेव्हा वर गेला. घराला दोनदा रंग दिला तेव्हा खाली उतरला आणि परत वर गेला. २०१९च्या पुरात खालच्या खोल्यांत पाणी आलं तेव्हा आई म्हणाली होती, "बघ, वर ठेवला म्हणून वाचला." आता तो पुण्याला माझ्या भाचीकडे जायचा होता. "देतेस तर बोलता करून दे," आई म्हणाली. "मुका देऊ नकोस."

सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात पाय ठेवला की आधी वास येतो, लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा. आढ्याला पंढरपूरकडचे सुकलेले भोपळे टांगलेले, त्यातला एखादा तर दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही असा. चाचांनी खोळ काढली, गंजलेल्या तारांवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. कलिंगड घेताना मारतो तशा भोपळ्याला तीन-चार टिचक्या मारल्या. "इथलाच दिसतोय," एवढंच म्हणाले. इथलाच होता. आईच्या लग्नात तिच्या माहेराहून आलेला. मग जुन्या तारा निघाल्या, नव्या चढल्या आणि चाचा तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर काम करायला बसले. कानशीचा एक हात, एक फुंकर, तार छेडायची, मान हलवायची, परत कानस. तास गेला. शेवटी त्यांनी दोऱ्याचा तुकडा खर्जाच्या तारेखाली सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तो बसका आवाज एकदम उघडला. एकाच तारेतून चार-पाच आवाज निघायला लागले.

"वा," मी म्हणाले, "मस्त लागला की, चाचा."

त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. "थांबा ताई. अजून संपला नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. हेच त्यांनी बहुधा रोज कुणा ना कुणाला सांगितलं असेल. पण मला ते लागलं, आणि का लागलं ते रिक्षात बसल्यावर कळलं. मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतेय. दर वर्षी प्रयोगशाळेत नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटते, मुलांच्या कानाजवळ नेते आणि तो वाजत असतानाच बोलायला लागते. ठोका मारला, मुद्दा संपला, पुढची आकृती. नादकाटा शेवटपर्यंत ऐकला असं एकही वर्ष आठवत नाही.

गाणाऱ्यांकडे यासाठी शब्द आहे, आस. तार छेडल्यावर जे मागे उरतं, लांबत जातं, पातळ होत जातं, ती आस. चाचांचं म्हणणं असं की वाद्य ठोक्यावर पारखायचं नसतं. ठण्ण तर रिकामा डबासुद्धा करतो. आस कशी जाते ते बघायचं. एकदम पडते का, मध्येच थरथरते का, का थोडा वेळ एकाच पातळीवर रेंगाळून मग उतरते. भोपळ्याला बारीक चीर असेल, भोपळ्यावरची लाकडी तबली कुठे सुटली असेल, तर ते ठोक्यात कळत नाही, आशेत कळतं. (आस या शब्दाचं सामान्यरूप आणि 'आशा' यांचा गोंधळ होतो, तो होऊ दे, माझी काही तक्रार नाही.)

आता माझं डोकं कुठून कुठे जातं ते सांगते. अवकाशातून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या स्फोटांविषयी मी एम.एस्सी.पासून वाचत आलेय, म्हणजे छंद म्हणून, संशोधन वगैरे काही नाही. त्या स्फोटांनंतर मागे जी क्ष-किरणांची ओसरती झळाळी राहते तिला पुस्तकी मराठीत पश्चदीप्ती म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण तो उच्चारताना मला नेहमी खुर्चीत ताठ बसल्यासारखं होतं. मिरजेहून परत येताना विश्रामबागच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती आणि मला वाटलं, ही तर आस आहे.

मी कोल्हापूरला विद्यापीठात शिकत होते तेव्हा, १९९७ साली, हे सगळं घडलं. त्याआधी तीस वर्षं फक्त ठोके ऐकू येत होते. १९६३च्या करारानंतर कुणी चोरून अणुचाचणी करतंय का, हे बघायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. १९६७च्या जुलैमध्ये त्यांना गॅमा किरणांचा एक झटका दिसला, जो कुठल्याही बॉम्बसारखा नव्हता आणि पृथ्वीवरूनही आलेला नव्हता. ही गोष्ट जगाला सांगितली गेली १९७३ मध्ये. त्यानंतर असे स्फोट शेकड्यांनी, मग हजारांनी नोंदले गेले. आकाशाच्या कुठल्याही दिशेने येतात, काही सेकंद टिकतात, संपतात. पण ते जवळचे आहेत की विश्वाच्या पार टोकाचे, यावर मोठमोठी माणसं भांडत होती. कारण गॅमा किरण नेमके कुठून आले हे सांगणं अवघड. अंधारात कुणीतरी टाळी वाजवावी आणि आपण "त्या बाजूला कुठेतरी" म्हणावं, तसं. त्या बाजूला दुर्बीण वळवेपर्यंत दिवस उलटायचे, आणि वळवली तरी एवढ्या मोठ्या तुकड्यात हजार तारे. बघायचं तरी कुणाकडे?

२८ फेब्रुवारी १९९७ला बेप्पोसॅक्स नावाच्या इटालियन-डच उपग्रहाच्या रुंद नजरेच्या कॅमेऱ्यात मृग नक्षत्राच्या बाजूला एक स्फोट आला. रोममधल्या लोकांनी धावपळ करून साधारण आठ तासांत त्याच उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणी तिकडे वळवल्या. तिथे एक ठिपका होता, आधी कुठल्याच यादीत नसलेला. तीन मार्चला परत पाहिलं तर तो वीस पटींनी मंद झाला होता. बस, एवढंच. एक ठिपका आणि तोच ठिपका विझत आलेला. पण पत्ता मिळाला होता. त्या पत्त्यावर नेहमीच्या दुर्बिणींनाही एक मावळता तारा सापडला, आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाच्या प्रकाशावरून अंतरही निघालं. अब्जावधी प्रकाशवर्षं. तीस वर्षांचं भांडण ठोक्याने मिटलं नाही, ते आशेने मिटलं. मला आठवतं, वसतिगृहाच्या मेसमध्ये आमटी थंड होत असताना मी हे मैत्रिणीला समजावून सांगत होते आणि ती म्हणाली, "एवढं लांबचं आहे ना? मग आधी जेव."

त्यातली एक गोष्ट मी वर्गात सांगते. आवडते म्हणून सांगते, अभ्यासक्रमात ती नाही. क्ष-किरण साध्या आरशावर पडले तर परावर्तित होत नाहीत, आत घुसतात. मग त्यांची दुर्बीण करायची कशी? माई घाटावर लहानपणी आम्ही चपटे खडे कृष्णेत टाकायचो. वरून टाकला की गडप. पण हात खाली घेऊन, पाण्याला जवळजवळ चाटून जाईल असा तिरका टाकला की टप्पे घेत पार जायचा. क्ष-किरणांचंही तसंच आहे. अगदी घसटून गेले तरच वळतात. म्हणून आरसे थाळीसारखे न करता नळकांड्यासारखे करायचे, एकात एक घातलेले, आणि किरणांनी त्यांच्या भिंतींना घासून आत जायचं. २००४च्या नोव्हेंबरमध्ये गेलेल्या स्विफ्ट उपग्रहात सोन्याचा मुलामा दिलेली अशी बारा नळकांडी आहेत. गंमत म्हणजे हे आरसे मुळात दुसऱ्याच एका मोहिमेसाठी बनवले होते. ती मोहीम रखडली आणि आरसे पडून राहिले. खोळीत घालून, कपाटावर, असं मी मनात म्हणते.

स्विफ्टचं खरं कसब म्हणजे तो विचारत बसत नाही. स्फोट दिसला की पृथ्वीवरच्या कुणाच्याही परवानगीची वाट न बघता स्वतःच वळतो, मिनिट-दीड मिनिटात. स्फोट कुठून आला ते त्याला सावलीवरून कळतं. शिशाच्या हजारो चौकोनी तुकड्यांची एक जाळी आहे, तिची सावली खालच्या, किरण टिपणाऱ्या शोधकांवर कशी पडते त्यावरून दिशा काढायची. आमच्या जुन्या घराच्या जिन्यात नक्षीची जाळी होती. तिची सावली भिंतीवर कुठवर आली त्यावरून आई "साडेचार झाले, दूधवाला येईल" म्हणायची. ती चुकलेली मला आठवत नाही.

असं लवकर पोचायला लागल्यावर कळलं की आस सरळ उतरत नाही. आधी धाडकन पडते, मग थोडा वेळ एकाच पातळीवर रेंगाळते, मग सावकाश उतरते. मध्येच एखादी उसळीसुद्धा. ते रेंगाळणं का, यावर अजून वाद आहेत. आत काही जिवंत यंत्र उरलंय आणि ते अजून ऊर्जा ओततंय असं काही जण म्हणतात. पुढचं उतरणं मात्र समजण्यासारखं आहे. स्फोटातून निघालेला झोत आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळत जातो, त्या धक्क्यात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि प्रकाश देतात. झोत जसा दमतो तसा प्रकाश क्ष-किरणांकडून दृश्याकडे आणि दृश्याकडून रेडिओकडे घसरतो. २००३च्या मार्चमधल्या एका स्फोटाची रेडिओतली आस आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तीन वर्षांपर्यंत ऐकली. इथे तंबोऱ्याची उपमा तुटते हेही सांगायला हवं, नाहीतर माझेच विद्यार्थी मला पकडतील. तारेचा आवाज ठरावीक काळात निम्मा, परत तेवढ्याच काळात त्याचा निम्मा, असा जातो आणि लवकरच हाताला लागेनासा होतो. ही आस तशी जात नाही. ढोबळमानाने, दहा मिनिटांनी जेवढी असते त्याचा दहावा भाग शंभर मिनिटांनी, आणि त्याचा दहावा हजार मिनिटांनी. जितकं थांबाल तितकी ती जास्त सावकाश संपते.

आणि आता कोजागिरी.

९ ऑक्टोबर २०२२. रविवार होता. संध्याकाळी पावणेसातला मी गॅसपुढे उभी राहून दूध आटवत होते. आई जायफळ किसत होती आणि चारोळ्या यंदा महाग झाल्याचं तिसऱ्यांदा सांगत होती. त्याच सुमाराला, आपल्या घड्याळाप्रमाणे सहा सत्तेचाळीसला, आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी गॅमा किरण स्फोट पृथ्वीवर येऊन पोचला. दोन अब्ज वर्षांच्या आसपास प्रवास करून. दहा हजार वर्षांत एखादाच असा येतो, असा हिशेब नंतर निघाला. त्याची दिशा वाचून मी एकदा वहीत गणित मांडलं आणि उत्तरावर विश्वास बसेना म्हणून दोनदा तपासलं. अभिजित आणि श्रवण यांच्या जवळजवळ मधोमध, शर नावाचा जो चिमुकला तारकासमूह आहे तिथून तो आला, आणि त्या मिनिटाला ती जागा सांगलीच्या जवळपास बरोबर डोक्यावर होती. चार-पाच अंशांचा काय तो फरक. म्हणजे सरळ आमच्या गच्चीवर.

आम्हाला अर्थातच काही कळलं नाही. वातावरण गॅमा किरणांना खाली येऊ देत नाही. वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, म्हणजे आयनांबर, मात्र कित्येक तास ढवळला गेला, आणि भारतात विजा टिपायला लावलेल्या यंत्रांनाही त्याची चाहूल लागली. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाचे शोधक त्या माऱ्याने इतके भरून गेले की ऐन भरातला आकडा त्यांना धड मोजता येईना. ठोका इतका मोठा, की ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसल्या.

स्विफ्टची नजर त्या वेळी तिकडे नव्हती. तासाभराने, सात-चाळीसच्या सुमाराला, त्याला ती जागा दिसली आणि त्याने जे पकडलं ती निव्वळ आस होती. ठोका त्याने ऐकलाच नव्हता. पण आसच इतकी झगझगीत, की हे आपल्याच आकाशगंगेतलं, जवळचंच काहीतरी उजळलंय असा पहिला समज झाला आणि तसं नावसुद्धा देऊन टाकलं गेलं. नंतर कुणीतरी फर्मीची वेळ आणि जागा शेजारी ठेवून बघितली. आमच्या गच्चीवर तेव्हा दूध तयार झालं होतं, आई "चंद्र दिसू दे आधी दुधात" म्हणून पातेल्यावरचं झाकण काढून उभी होती, ढग ये-जा करत होते. मला ही रात्र आठवली की दर वेळी दोन गोष्टी वाटतात आणि त्या एकमेकींना काटतात. एक, आपण तिथे होतो. दुसरी, त्या असण्याला काय अर्थ, वर मान करूनही काही दिसणार नव्हतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग नैवेद्य दाखवला ना आपण, झालं तर."

पुढच्या दिवसांत त्या जागेभोवती क्ष-किरणांची वर्तुळं दिसायला लागली, दिवसेंदिवस मोठी होणारी. आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीच्या ढगांवरून थोडेसे वळलेले किरण लांबच्या रस्त्याने मागाहून पोचत होते. एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने अशी वीस वर्तुळं मोजली. पहाटे गणपती मंदिराची घंटा होते आणि नदीच्या पलीकडून तिचा दुसरा आवाज येतो, तो थोडा उशिरा, थोडा मऊ. तसंच.

सगळ्याच आशा अशा ढळढळीत नसतात. ९ मे २००५ला स्विफ्टने एक अगदी आखूड स्फोट पकडला, सेकंदाचा अंशभर टिकलेला. अशा आखूड स्फोटांची आस तोवर कुणालाच सापडली नव्हती. तो वळला, दुर्बीण लावली, आणि क्ष-किरणांचे फोटॉन, म्हणजे सुटे कण, मिळाले मोजून अकरा. अकरा! आमच्या वर्गात पहिल्या बाकावर त्याहून जास्त पेनं असतात. पण अवकाश काही काळं कोरं नसतं, इकडून तिकडून सुटे क्ष-किरण येतच असतात. मग हे अकरा त्याचेच कशावरून? तर ते एकाच इवल्याशा जागी, एकाच थोडक्या वेळात आले आणि मग थांबले म्हणून. बाकीचा सगळा गलबला ओळखीचा असेल, त्याची सरासरी पाठ असेल, तरच अकरा ऐकू येतात. तेवढ्यावरून ती जागा एका म्हाताऱ्या दीर्घिकेच्या कडेला निघाली, आणि दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळून असे स्फोट होत असावेत या म्हणण्याला बळ आलं.

हे सगळं आईच्या कानांवर येऊन थांबतं. गेल्या तीन-चार वर्षांत तिला कमी ऐकू येतंय. तपासणीचा तो आलेख मी बघितलाय. खालचे स्वर बरे आहेत, वर जाल तशी रेघ पायऱ्या सोडून खाली कोसळते. गाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे फार वाईट. ती म्हणते, "स्वर कळतो गं, पण त्याचं शेपूट कुणीतरी कातरलंय." कानातलं यंत्र आहे, ते बहुतेक वेळ डबीत असतं. त्यातून भांड्यांचा आवाज फार येतो म्हणते. तंबोरा भाचीला द्यायचं तिनेच ठरवलं. मी विचारलं, "वाईट नाही वाटणार?" तर म्हणाली, "वाटेल की."

मिरजेहून आणला त्या दिवशी दुपारी तिने तो दिवाणावर आडवा ठेवून घेतला. यंत्र घातलंच नाही. डाव्या हाताचा तळवा भोपळ्यावर पालथा टेकवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "हं. खर्ज."

मी छेडली. आवाज उघडला, खोलीभर झाला. या वेळी मी बोलले नाही. डोळे मिटून मागे मागे जात राहिले. आधी वरचे बारीक आवाज गेले, मग मधले, मग नुसता एक काळपट खर्ज उरला, आणि मग तोही माझ्या कानातून गेला. की गेला असं मला वाटलं? डोळे उघडले तर आईचा तळवा होता तिथेच होता. मी खुणेनेच विचारलं. तिने मान हलवली, अजून आहे. मी थांबले. मनात तीस मोजले, चाळीस मोजले. अजून आहे. मला आत कुठेतरी भरून आलं, आणि त्याच वेळी माझ्यातली मास्तरीण म्हणाली, शक्य नाही.

मग मला पायाखाली जाणवलं. न्हाणीघरातलं वॉशिंग मशीन पिळायच्या फेरीत होतं, सगळी फरशी बारीक थरथरत होती, तिच्यावरून दिवाण, दिवाणावरून भोपळा.

"आई, मशीन आहे गं ते."

"काय?"

"मशीन!"

ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण तळवा काढला नाही. "बंद कर मग," म्हणाली. "परत छेड."

मी उठून मशीन बंद केलं. ते पूर्ण थांबेपर्यंत दारातच उभी राहिले. मग येऊन बसले आणि खर्जाची तार परत छेडली.